सरळ रेघेची भीती

अक्कांचा फोन आला तेव्हा मी महादेवपुऱ्याच्या ऑफिसात सकाळच्या मीटिंगमध्ये होते. टेबलावर उपडा ठेवलेला फोन थरथरला, मी तो उलटा करून नाव वाचलं आणि पुन्हा उपडा ठेवला. अक्का कधी दिवसा फोन करत नाहीत. त्यामुळे काहीतरी वाईट घडलंय हे मला कळलं होतं, आणि ते कळू नये म्हणून मी दोनदा फोन वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला. “रश्मी, अण्णा पडले गं... उंबऱ्यात. हातात कॉफीचा पेला होता.” मी कॅबमध्ये बसून बनशंकरीला निघाले. वाटेत दीड तास सिग्नलला थांबत असताना डोक्यात एकच प्रश्न होता आणि तो अण्णा वाचतील का हा नव्हता, हे आज कबूल करते. प्रश्न असा होता की, हे माझ्यामुळे तर झालं नसेल?

तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. त्याला आता सहा आठवडे होतील. या पुरवणीच्या वाचकांना ते ‘दत्त’ या सहीमुळे माहीत आहेत. तीस-बत्तीस वर्षं दर रविवारी त्यांचं एक चौकोनी चित्र इथे यायचं: एक नवरा, एक बायको आणि एक पाल. आम्ही त्यांना दत्ताअण्णा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला अक्का. मूळचे निपाणीकडचे, नोकरीच्या निमित्ताने तरुणपणी बंगळुरात आले, बँकेत हिशेब तपासत राहिले आणि उरलेल्या वेळात व्यंगचित्रं काढत राहिले. मी नागपूरची, इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करते; म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून त्या न घाबरता सांगायच्या, यासाठी मला पगार मिळतो. सात वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. मी प्रसादाच्या रांगेत उभी राहून घरचा गॅस बंद केला की नाही याची काळजी करत होते आणि ते मैत्रिणीला बोलून दाखवत होते. मागून एक बारीक, चष्मेवाले म्हातारे गृहस्थ म्हणाले, “तिसऱ्यांदा सांगायलीस. आता जाऊन बघून तरी ये, न्हाईतर मला चित्र काढू दे.” पुढच्या रविवारी चित्रातली बायको देवासमोर हात जोडून उभी होती आणि तिच्या डोक्यातून गॅसची शेगडी डोकावत होती. मी इतकी हसले की घाबरायची विसरले.

अण्णा स्वतः भयंकर भित्रे होते. लिफ्टची भीती, कुत्र्यांची भीती, सरकारी पाकिटाची भीती. पण भीतीचं करायचं काय हे त्यांना ठाऊक होतं. घरी कुणी आलं की कसे आहात वगैरे विचारायचे नाहीत, “काय, नवीन भीती काय?” असं विचारायचे. समोरचा आधी गडबडायचा, मग हसायचा, आणि मग खरं सांगायला लागायचा. पेपरवाला, खालच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या एकात दोघं अशी बाय-टू कॉफी पिणारे पेन्शनर, भाजीवाली, सगळ्यांकडून ते भीती गोळा करायचे. माझ्याकडून त्यांना कंपनीतल्या भीत्या मिळायच्या. मॅनेजरने “पाच मिनिटं बोलू या” असा मेसेज टाकला की पोटात कसा गोळा येतो, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी तीन रविवार त्यावर काढले. ते म्हणायचे, भीती सांगितली की अर्धी होते आणि छापली की उरत नाही. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही, पण मी सांगत मात्र राहिले.

त्यांची जुनी चित्रं मी त्यांच्या माळ्यावरच्या खोक्यात पाहिली आहेत. सुरुवातीला चौकटीत सगळं ठासून भरलेलं असायचं: पंखा, कॅलेंडर, खिडकी, खिडकीबाहेर बस, बसमध्ये माणसं. टाक शाईत बुडवून काढलेल्या केसाएवढ्या रेघा. मग चित्रं फॅक्सने पाठवायची वेळ आली आणि फॅक्सच्या मशीनला त्या बारीक रेघा दिसेचनात. अण्णांनी रेघ जाड केली. जाड रेघेला जागा लागते, म्हणून पंखा गेला. पुढे स्कॅनर आला, बारीक रेघ परत काढता आली असती, पण तोवर त्यांना काढून टाकायची चटक लागली होती. खिडकी गेली, खुर्च्या गेल्या, शेवटी भिंतही गेली आणि पाल नुसती हवेत लटकायला लागली. एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं होतं की पाल कशाला धरून आहे? अण्णांनी ते पत्र फ्रेम करून लावलं. अक्का म्हणायच्या, “असंच चाललं तर एक दिवस हे कोरा कागद पाठवतील.” त्याच सुमाराच्या एका चित्रात मी रेघा मोजल्या, अकरा होत्या. एका श्वासात एक रेघ, खोडरबर नाही, चुकली तर कागद बाजूला. त्यातली एक जरी हलली असती तरी चित्र कोसळलं असतं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी हात हलायला लागला.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून तीनदा. अण्णांनी ही गोष्ट मला सांगितली ती अशी: “नवीन भीती आलीय. पण हिचं चित्र निघंना.” हातातला पेन्सिलचा तुकडा कागदावर टेकवला की टोक थडथड वाजायचं. तो आवाज ऐकून अक्का स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटायला लागायच्या, म्हणजे स्वतःला तो ऐकू येऊ नये. दर शुक्रवारी राहुकाळात त्या बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीत तूप घालून दिवे लावायच्या. मी माझ्या परीने चित्रं काढायचा टॅबलेट घेऊन आले. त्यातल्या चित्रांच्या ॲपमध्ये थरथर सावरून घेण्याची सोय असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. शून्यापासून शंभरापर्यंत ती वाढवता येते. पेन कसंही हललं तरी पडद्यावर रेघ गुळगुळीत उमटते. मी ती साठावर ठेवली. अण्णांनी रेघ मारली, चष्मा वर केला आणि तीच रेघ पुन्हा मारून पाहिली. तीन रविवार तशी चित्रं छापून आली. चौथ्या शनिवारी मी गेले तर ते म्हणाले, “ही रेघ माझी न्हवे गं. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीची आहे. ते काय सावरायचं आहे ते बंद कर.”

मी बंद केलं. त्यांनी बायकोचा पदर काढायला घेतला आणि पडद्यावर जे उमटलं ते मला पाहवेना. त्यांनी पेन खाली ठेवलं, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. “सरी, बरं,” म्हणाले, “संपलं म्हणायचं. संपादकांना मेल लिहून दे, या महिन्यापर्यंत देतो म्हणावं.” मी तो मेल लिहिलाच नाही. घरी गेले आणि आठवडाभर मला नीट जेवण गेलं नाही. रविवारचं चित्र गेलं तर हा माणूस जाईल, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. माझे आजोबा दुकान बंद केल्यावर चार महिन्यांत गेले होते, ते आठवत होतं. पुढच्या शनिवारी मी स्टॅबिलायझर अठरावर ठेवला. थरथर थोडी राहील, रेघ जिवंत वाटेल, पण कोसळणार नाही इतकाच. अण्णांनी विचारलं, “बंद आहे न्हवं?” मी म्हणाले, “बंदच आहे, अण्णा.”

त्यांनी रेघ मारली. मग दुसरी. मग मोठ्याने हाक मारली, “अगं ए, बाहेर ये! हात परत आला बघ!” अक्का ओल्या हातांनी धावत आल्या. दोघं पडद्यावर वाकून बघत होते आणि मी मागे उभी होते. मला आनंद झाला होता की नाही ते आता आठवत नाही. पुढच्या शुक्रवारी अक्कांनी देवीला साडी नेसवली.

कॉफीचा पेला हातात घेतला की हात थरथरायचाच. अण्णांनी त्याचाही उलगडा करून टाकला होता, म्हणायचे, “हात शहाणा आहे. कॉफीला थरथरतो, रेघेला न्हाई. त्याला काम कळतंय.” मी हसायचे. थरथर वाढत चालली होती आणि मी दर दोन-तीन आठवड्यांनी आकडा वाढवत होते. चोवीस. तीस. अडतीस. टॅबलेट हातात घेऊन मी काहीतरी करते आहे हे ते पाहायचे आणि मी ‘अपडेट’ असं सांगायचे. एकदा म्हणाले, “लई अपडेट येतात गं तुझ्या मशीनला.” “काय नवीन भीती?” त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि मी घरमालक भाडं वाढवणार असल्याचं काहीतरी सांगितलं. सात वर्षं मी त्यांना माझी प्रत्येक भीती सांगितली, ही एक सोडून.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की गोळ्या चुकल्या की तोल जातो, आणि त्यांनी अक्कांना विचारलं की गोळ्या वेळेवर घेत होते का? अक्का हो म्हणाल्या. संध्याकाळी कपडे आणायला घरी गेल्या तर त्यांना टेबलाच्या खणात गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. दोन महिन्यांपासून अण्णा तीनच्या जागी एकच गोळी घेत असावेत, असा हिशेब निघाला. गोळ्यांनी डोकं जड होतं, चित्राखालची ओळ सुचत नाही, अशी त्यांची तक्रार होतीच. अक्का हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, “हात बरा झालाय म्हणून सोडल्या असतील बघ.” मी त्यांचा हात हातात घेतला आणि मान खाली घातली. त्यांना वाटलं मी रडते आहे.

पुरवणीच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी आधी गोड गोड असा एक लिहिला होता. तो पाठवायचं धाडस झालं नाही. मग हा लिहिला, इथपर्यंत, आणि पाठवण्याआधी काल अक्कांकडे घेऊन गेले. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वाचायला मनाई आहे. मीच वाचून दाखवायला बसले. त्या लिफ्टला, कुत्र्यांना हसल्या, पालीच्या पत्राला हसल्या. ‘बंदच आहे, अण्णा’ या ओळीशी आले आणि थांबले. पाणी प्यायले, पुन्हा वाचायला लागले, शेवटपर्यंत वाचलं. मान वर करायची हिंमत नव्हती. बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालत होतं, ते सगळं ऐकू येत होतं.

“म्हणजे मी देवीला साडी नेसवली, ते...” अक्का म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले.

मग त्या म्हणाल्या, “रोज पाणी मीच द्यायची त्यांना. गोळी गिळली का, ते एकदाबी बघितलं न्हाई.” मी म्हणाले, “अक्का, तुमची काय चूक?” त्या म्हणाल्या, “मग तुझी किती, ते तरी कोण सांगणार? ते तर गेले.” त्यांच्या बोलण्यात राग होता की नाही हे मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. मला त्यांची भीती वाटत होती, आणि त्यांच्याशिवाय या शहरात मला दुसरं घर नाही याचीही.

“ते मशीन आण इकडं,” त्या म्हणाल्या. टॅबलेट अण्णांच्या खोलीत होता तसाच होता. मी चार्जिंगला लावून उघडला. आकडा चव्वेचाळीसवर होता. “तेवढं बंद कर.” मी बोटाने तो शून्यावर नेला.

“केलंस?”

“केलं.”

“खरंच?”

‘बंदच आहे’ म्हणाले असते तर ते तेच शब्द होते, त्याच घरात, त्याच आवाजात. मी नवीन कोरं पान उघडलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. अक्कांनी आयुष्यात कधी चित्र काढलेलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मुठीत पेन धरून त्यांनी पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढली. ती वर गेली, खाली घसरली, मध्ये दोनदा थडथडली, कुणी तिला सावरलं नाही. अक्कांनी पट्टी नसलेला डोळा अगदी जवळ नेऊन ती पाहिली.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता बंद आहे.”