ईरप्पाच्या घरातली सरूमावशी

सरूमावशी तीस वर्षांच्या वर ज्या घरात राहिली, त्या घरात ती एक रात्रही झोपली नाही.

काल सकाळी ती गेली. अंगणात, तिच्या बाजेवर.

फोटो टाकावा म्हणून मोबाईल धुंडाळला. तिचा एकही नीट नाही. घराचेच चार निघाले.

ईटजवळच्या आमच्या गावात ओढ्याच्या कडेला दोन खोल्यांचं हे माळवद आहे. दगडाच्या भिंती, वर लाकडाच्या सरांवर हातभर पांढरी माती. बांधलं ईरप्पानं. तो घोंगड्या विणायचा, बायकोशी कानडीत भांडायचा. घोंगड्या खपेनात तेव्हा माझ्या आजोबांना घर विकून तो आपल्या मुलखात परत गेला. घराला नाव मात्र त्याचंच राहिलं.

मग तिथं सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई राहिल्या. आमच्या आळीतली निम्मी पोरं त्यांच्या हातची. मीसुद्धा. त्यांची ट्रान्सफर झाली आणि घरात आमचा कडबा आला.

कडबा काढून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ते सरूमावशीला दिलं.

सरूमावशी आमच्याच गावची लेक. दिली होती लोहाऱ्याकडच्या एका गावात. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची दोन्ही लेकरं गेली. ती आणि नवरा वाचले.

वर्षभरात ती माहेरी आली ती कायमचीच. भावाच्या घरात आत झोपायची नाही, म्हणून लोक बोलायला लागले. तेव्हा अण्णा म्हणाले, "ईरप्पाचं घर रिकामंच हाय. तिथं तुला कुणी काय म्हणणार न्हाय."

ती म्हणाली, "राहते. पण आत झोप म्हणू नका."

स्वयंपाक आत, देव आत, शेळीसुद्धा पावसात आत. मावशी बाहेर. पावसाळ्यात बाजेवर चार पत्रे.

पुढं अण्णांनी माळवद उतरवून वर पत्रा टाकला. "आता काय बी पडणार न्हाय अंगावर," म्हणाले. तिनं मान हलवली आणि बाज अंगणातच टाकली.

नवऱ्यानं, भीमरावकाकांनी, दुसरं लग्न केलं. तिकडच्या नव्या गावठाणात संसार झाला. मावशी त्यांच्याबद्दल वाईट कधी बोलली नाही. बोललीच नाही.

लेकरांची नावंही तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकली नव्हती.

एकदाच, आईसोबत शेंगा फोडताना, ती आपणहून म्हणाली होती, "म्या वरडले. मातीत गाडले होते तरी वरडले. माझा आवाज ऐकून हेनी माझ्याकडं आले. म्या गप बसले असते तर पोरांकडं गेले असते."

मी शेजारीच होते. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मावशी पुन्हा शेंगा फोडायला लागली.

करोनानंतरच्या दिवाळीत मी गावी होते. दुपारी ओढ्याकडून एक म्हातारा हळूहळू येताना दिसला. हातात पिशवी, एक पाय ओढत.

भीमरावकाका. दुसरी बायको वारली होती, पोरं पुण्याला, घराला कुलूप.

मावशी दारात उभी राहिली. खूप वेळ बघत होती.

"चालत आलात?"

"ईटपतुर यष्टी होती."

"हातपाय धुवा. भाकरी टाकते."

एवढंच.

ते आत झोपायला लागले, ती बाहेर. गावानं काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

भाऊबीजेला आई आणि मी फराळ घेऊन गेलो. मावशी चुलीपाशी होती. काका आईला हळूच म्हणाले, "वहिनी, मला दोन घास देती, पर तोंडाकडं बघत न्हाय. पोरं काढली न्हाईत म्हणून राग हाय तिचा. बरोबर हाय."

आईला राहवलं नाही. "भाऊजी, तिचा राग तुमच्यावर न्हाय. स्वतःवर हाय. ती वरडली म्हणून तुम्ही तिच्याकडं गेला, असं धरून बसलीय इतकी वर्षं."

काकांच्या हातातला लाडू तसाच राहिला. मग ते भिंतीला धरून उठले, चुलीपाशी गेले.

"सरू, तुझा आवाज म्या ऐकलाच न्हाय."

ती वळली नाही.

"सगळा गाव वरडत होता. कुणाचा आवाज कळणार? पोरं आतल्या खोलीत. तू दारापाशी. आत जायाची वाट तुझ्यावरूनच होती. म्या पोरांकडंच चाललो होतो. मधी तू घावलीस."

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. पुन्हा पुढं सारलं.

"तवा का न्हाय सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस. मला वाटलं, तुला माझं तोंडच बघायचं न्हाय."

मावशी खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "संगीला अंधाराचं भ्या वाटायचं."

काका म्हणाले, "दत्तूनं धरलं असंल तिला. दत्तू होता की संगं."

आई मला घेऊन बाहेर आली.

त्यानंतर सगळं बरं झालं, असं मला लिहिता येत नाही. मावशी बाहेरच झोपत राहिली. उलट आई सांगते, नंतरचे काही दिवस तिनं धड खाल्लंही नाही. जो दोष इतकी वर्षं उराशी धरला, तो काढून घेतल्यावर माणसाच्या हातात काय उरतं, मला माहीत नाही.

पण दोघं बोलायला लागली. बाज दाराला लावून, ती बाहेर, ते आत. लेकरांबद्दलच बोलायची म्हणे. दत्तू कसा तोतरा बोलायचा. संगीला गूळ कसा लपवून ठेवावा लागायचा.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला काका गेले. काल मावशी.

घराची किल्ली आता आईकडं आहे. माझा भाऊ म्हणतो पाडू. आई किल्ली देत नाही.

भूकंपात गेलेल्या लेकरांसाठी तेव्हा कुणी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. कोण लिहिणार, ज्याचं त्याला पडलं होतं.

म्हणून आज चौघांनाही एकत्रच.

सरूमावशी, भीमरावकाका, दत्तू, संगी.

आम्हा सगळ्यांकडून मनापासून श्रद्धांजली.