वहिनींनी खाली आणलेलं बेसिन

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी शाळेचे गणवेश शिवतात. अख्खी इमारत त्यांना वहिनी म्हणते, पण ज्यांच्या त्या खऱ्या वहिनी, त्या नणंदबाई गेल्या वर्षी त्यांच्याकडे कायमच्या राहायला आल्या. अपघातानंतर पायातलं बळ गेलं आणि चाकाची खुर्ची आली. वहिनी त्यांना ताई म्हणतात. आई गेल्यावर धाकट्या भावाला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, याच ताईंनी लहानाचं मोठं केलं होतं.

घरात सगळं जमलं, अडलं ते बेसिनपाशी. त्याच्याखाली भलंमोठं कपाट, त्यामुळे खुर्ची पुढे जाईना. ताई दारातच मांडीवर घमेलं घेऊन तोंड धुवायच्या. कुरकुर नाही. उलट म्हणायच्या, "राणीचा थाट आहे माझा." पण एकदा वहिनींनी पाहिलं, ताई मान ताणताणून आरशात बघायची धडपड करत होत्या आणि दिसत होता नुसता भांग. वहिनींनी तेव्हाच प्लंबरला बोलावणं धाडलं.

प्लंबरने "उद्या येतो" म्हणत महिना काढला. शेवटी वहिनींनीच कंबर कसली.

"तुला साधा नळाचा वायसर बदलता येत नाही," नवरा म्हणाला.

"तुम्हाला येतो?"

तो पाना शोधायला गेला.

वहिनींनी वर्तमानपत्रातून बेसिनच्या आकाराचा नमुना कापून भिंतीवर चिकटवला. ताईंनी खुर्चीतून हात पुढे करून पाहिले. "अजून जरा खाली घे गं." नमुना खाली सरकला. कपाट उचकटलं, तर ओलीने फुगलेलं प्लायवूड भिजल्या बिस्किटासारखं हातात आलं. नवरा स्क्रू आणायला बाहेर पडला आणि इकडे घोळ झाला. वहिनींनी बेसिनखालची तोटी बंद करून नळी सोडवली, पण तोटी आतून झिजलेली. कारंजंच उडालं!

माझ्या न्हाणीघराचं छत ठिबकायला लागलं, तेव्हा मी तावातावाने वर गेले. वहिनी नखशिखान्त भिजून दोन्ही हातांनी नळी दाबून धरत होत्या आणि ताई मांडीवर बादली घेऊन पाणी झेलत होत्या. हसता हसता त्यांची बादली हिंदकळत होती. माझा राग तिथेच विरला. गच्चीवर धावत जाऊन मी टाकीचा वॉल्व्ह बंद केला आणि फरशी पुसायला तिथेच थांबले.

नवी तोटी बसली. भिंतीतले ब्रॅकेट पहिल्यांदा तिरके लागले. वहिनींनी चुकलेली शिलाई उसवावी तसे ते काढले आणि पुन्हा लावले. सांडपाण्याची नळी गुडघ्याला लागू नये म्हणून मागे भिंतीलगत वळवली. आरसाही खाली आला.

मग खुर्ची सरळ बेसिनखाली शिरली. ताईंनी नळ सोडला आणि ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारलं. आरसा भिजला, कपडे भिजले, तरी थांबेनात. ओल्या हातानेच त्यांनी वहिनींचा हात धरला.

"घमेल्यात तोंड धुताना वाटायचं, आपण इथे पाहुणे. आज हे माझं घर वाटलं."

"ताई, तुम्ही यांना वाढवलंत म्हणून मला असा माणूस मिळाला," वहिनी म्हणाल्या. "मी काय, एक बेसिन तेवढं खाली आणलं."

दोघींचे डोळे भरून आले. मी उगाचच कोरडी फरशी पुन्हा पुसली.

आता पंचाईत भावाची. "दाढी करताना कंबर मोडते," तो कुरकुरतो.

"वाक जरा," ताई बाहेरून ओरडतात. "धाकटा आहेस तू!"

आणि तो वाकतो.