झुंबरबाईंच्या नावाचं बाक

धरणगावात निंबा नाना मास्तरांशेजारी बाकावर बसायचं, तर बूड टेकायच्या आधी त्या बाकाची कुळकथा ऐकावी लागते. “बाक हा आपला शब्दच नव्हे. पोर्तुगीज गलबतातून उतरला. तिकडे त्याला बांको म्हणतात. इटलीतले सराफ बाकड्यावर पैसे मांडून बसायचे, त्यावरून बँक झाली. म्हणजे बँक ही बाकाची सख्खी बहीण!” हे त्यांनी एकदा बँकेतल्या कॅशियरलाही ऐकवलं, मागे रांग खोळंबलेली असताना. तेव्हापासून नाना दिसले की तो बिचारा त्यांचं काम आधी उरकून टाकतो.

मराठी शिकवून नाना निवृत्त झाले, पण त्यांचा तास काही संपला नाही. घरात मात्र श्रोता नाही. बायकोला, सुंदरबाईला, सांगायला जावं तर ती “भाजी करपी जाई” म्हणून उठायची. उठताना गुडघ्यावर हात दाबून “ओ माय” म्हणायची, आणि ते नानांच्या काळजाला लागायचं. तोंडानं ते काही बोलायचे नाहीत. बायकोची काळजी बोलून दाखवणं त्यांच्या व्याकरणात बसत नव्हतं.

या उन्हाळ्यात त्यांनी दारापुढच्या कडुनिंबाखाली सिमेंटचं बाक बसवलं. पाठ टेकायच्या बाजूवर, गावाच्या रिवाजाप्रमाणे, लाल अक्षरं: ‘कै. झुंबरबाई यांचे स्मरणार्थ’. झुंबरबाई म्हणजे नानांची आई.

सुंदरबाई आली. नाव वाचून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि बाकाशेजारी खाली मातीत बसली.

“वर बठ ना वं,” नाना म्हणाले.

“सासूना नावले पाठ लावू? जन्मभर त्यास्नासमोर खाटवर बठनू नही, आते तुम्हना बांकोवर बठू?”

झुंबरबाई सुनेला कधी वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या, पण रीत ती रीत. नानांनी घाईघाईनं पोर्तुगीज गलबत बाहेर काढलं. समोरच्या ओट्यावरून शेजारचा रुपचंद ओरडला, “नाना, गलबत बुडनं!”

पुढे त्या बाकावर गाव बसलं. रुपचंद बसला, कुणाची तरी शेळी बसली, शेजारच्या तानुबाईचे ज्वारीचे बिबडे-पापडसुद्धा वाळले. सुंदरबाई तेवढी बसेना. रोज संध्याकाळी ती खाली बसायची, रोज “ओ माय” म्हणत उठायची.

शेवटी नानांचा धीर सुटला. “मायनं नाव नुसतं निमित्त शे. बाक तुन्हा गुडघासकरता करं मी!”

सुंदरबाईनं बाकावरची लाल अक्षरं पुन्हा वाचली. मग म्हणाली, “मंग मन्हं नाव का बरं नही टाकं?”

“बाकवर मरेल माणूसनंच नाव टाकतस.” नाना म्हणाले. “तुन्हं नाव तठे माले देखनं नही.”

नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आईच्या नावावर नीट पसरला. “घे, मायना डोया झाकात. आते तिले काही दिसाव नही.”

सुंदरबाईला हसू आवरेना. डोळे पुसत ती उठली, आधी कडेला टेकली, मग हळूहळू मागे रेलली. पदर मात्र डोक्यावरच. नाना शेजारी बसले.

“हां, सांगा आते,” ती म्हणाली. “तो बाक शब्द कथाईन उना, कोणता गलबतमा?”

नानांनी तोंड उघडलं. त्यांना एकही शब्द आठवेना.