मनगट आणि कोवळे ऊन

आमच्या निर्णा गावात कोणाकडे बाळ जन्मले की माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बोलावणे येई. बाळाला तेल चोळायचे, कोवळे ऊन दाखवायचे, मग पायांवर घेऊन न्हाऊ घालायचे, हे तिचे आयुष्यभराचे काम.

राजस्थानात मुलाकडे राहून ती परतली तेव्हा तिच्या उजव्या मनगटावर एक व्रण होता. दुखत नसे, भरतही नसे. वाळूमाशी चावल्यावर तिच्यातले परजीवी कातडीत वाढतात, त्याचा तो व्रण. स्पर्शाने हा आजार पसरत नाही, हे मी घरोघरी समजावले. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले आणि अक्काला बोलावणे बंद केले.

माझ्या मुलीचे दिवस भरत आले होते. "तिचं लेकरू मीच न्हाऊ घालनार," अक्का म्हणे. म्हणून हैदराबादला प्रकाशोपचार घ्यायचे ठरले.

नर्सने व्रणावर मलम लावून काळी पट्टी बांधली. औषध आधी अंधारात रोगट पेशींत मुरते, नंतर ठरावीक लाल दिव्याखाली जागे होऊन त्यांना मारते. तोवर पट्टी काढायची नाही, असे मी तिला सांगितले.

"मास्तर, हितं बी शाळा भरवायलास का?" ती हसली.

मी पैसे भरून परतलो तर ती बाहेर पायरीवर बसलेली. पट्टी मांडीवर, हात उन्हात.

"अक्का, पट्टी कामून काढलीस?"

"तेल लावलं की ऊन दाखवायचं असतंय." माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती हळू म्हणाली, "चुकलं व्हय?"

औषध उन्हातच जागे झाले; संध्याकाळपर्यंत मनगट भाजून फोड आले. ते निवल्यावर पुन्हा उपचार झाले, व्रण भरला. पण कातडी आखडली ती आखडलीच. निसरड्या बाळाची मान पेलायला मनगट वळावे लागते. तिचे वळेना.

नातू झाला. मुलीने आत्यालाच बोलावले. अक्का पाय पसरून पाटावर बसली, बाळ घेतले, मानेखाली हात घालून पाहिला. मग बाळ मुलीच्या ओटीत ठेवून म्हणाली, "तूच बस. म्या सांगते तसं कर."

मुलीने तिच्या सांगण्याप्रमाणे तेल चोळले. "आत्या, आता ऊन दाखवू का?"

अक्काने मनगटावर पदर ओढून घेतला.

"दाखव. लेकराला चालतंय."