मणी हलवला की झालं

आमच्या थोरल्या जाऊबाई एका शिवणाच्या दुकानात कपड्यांवर मणी लावायचं काम करतात. भाऊजींची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, नजर गेली तेव्हा जो तो म्हणाला, आता नोकरी सोड. बाई कुणाचं ऐकतील तर शपथ! स्वस्तातला एक फोन आणला, काचेवर मणी चिकटवला आणि म्हणाल्या, "याच्या खाली बोट दाबा, मला लागेल." फोन बोलताही करता येतो म्हणे, पण भाऊजींना त्या बडबडीचा वैताग. त्यांना मणी पुरे होता.

बरेच महिने सुरळीत चाललं. मग आलं ते मेलं अपडेट! भाऊजींनी नेहमीसारखं मण्याखाली बोट दाबलं. नेमका तिथेच फोन विचारत होता, अपडेट करू का? फोन लागेना म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा दाबलं. तो बंद होऊन सुरू झाला, तेव्हा सगळं इकडचं तिकडे. मण्याखाली टॉर्च! जाऊबाईंनी दुकानातून फोनवर फोन केले, तर उचलायचं बटणही जागेवर नाही. हातातलं काम टाकून त्या धावत घरी आल्या. भाऊजी पलंगावर बसलेले, भर दुपारी टॉर्च पेटलेला आणि चेहरा एवढासा झालेला.

मागोमाग त्यांचा मुलगा आणि मीही पोचलो. मुलगा म्हणाला, "आई, बस झालं. घरीच राहा आता."

"राहा बाई," भाऊजी पुटपुटले. "माझ्याच्यानं नाही होत."

माझा जीव तुटला. जाऊबाई मात्र उसळल्या. "न व्हायला काय झालंय? फोननं घर आवरलं, एवढंच. मणी हलवला की झालं."

सुईनं मणी उचकटला. "इथे?" त्यांनी विचारलं. "जरा वर," भाऊजी बोट टेकवून म्हणाले. दोघं एकमेकांवर खेकसत होती, पण मणी बसला. उचलायच्या बटणापाशी दुसरा लावला.

"आणि पुढचं अपडेट आलं की?" मुलानं विचारलं.

"येऊ दे की! माझ्याकडे डबाभर मणी आहेत."

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या आणि भाऊजींपाशी मी बसले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तू जरा बाहेर हो बघू." मी दाराआडून बघत उभी राहिले. त्यांचं बोट काचेवर फिरलं, चुकलं, पुन्हा फिरलं आणि थांबलं.

"हॅलो? लागला गं! नाही, काही नकोय मला. तू कर तुझं काम."

मी तिथेच डोळे पुसले.