पोतं संपेना

रोपांच्या प्रयोगशाळेत मावशी एकोणीस वर्षं एकच काम करत होती. बाटल्यांत वाढणाऱ्या केळीच्या इवल्या रोपांचं खाणं शिजवायचं. पाणी, क्षार, घट्टपणासाठी अगरची पूड आणि लिटरमागे तीस ग्रॅम साखर. हात असा बसलेला की काटा नुसता साक्षीला.

त्या वर्षी मात्र बाटलीत हिरवीगार दिसणारी रोपं शेडमधल्या मातीत लावली की निम्मी माना टाकू लागली. बैठकीत मालक म्हणाले, "खाण्यातच काही गडबड नाही ना?" आणि बघितलं मावशीकडे. 

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत नवी शास्त्रज्ञ मॅडम आली. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, मुळं धरणाऱ्या निम्म्या रोपांची साखर आजपासून मी तोलेन. तुम्ही बाकीचं बघा."

आजवर कुणी तिच्या हातातून चमचा काढून घेतला नव्हता. मनात शंकेची पाल चुकचुकली. महिन्याभरात तिच्या ध्यानात आलं, की साखरेचं पोतं संपतच नाहीये. चोरी झाली तर पोतं लवकर रिकामं होतं, हे तर रेंगाळत होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं!

ती पाळत ठेवू लागली. मॅडमच्या बाटल्या मागच्या मांडणीवर, पडद्याआड. झाकणांना भोकं पाडून वर पांढऱ्या चकत्या चिकटवलेल्या. दिवे इतके खाली ओढलेले की डोळे दिपावेत. आणि रोपं? मावशीच्या रोपांहून बुटकी.

घरी ती वहिनीला म्हणाली, "ही बाई रोपं मारणार आणि खापर माझ्या माथी फोडणार." वहिनी त्याच शेडमध्ये रोपं लावायची.

"कशावरून?"

"पोत्यावरून."

"मग तिलाच विचारा की. माझं डोकं का खाता?"

दुसऱ्या दिवशी मावशीने मॅडमला काट्यापाशीच गाठलं. "किती टाकता?"

मॅडम दचकली. "दहा ग्रॅम."

"म्हणजे उपाशी मारता!"

"नाही हो. आयतं गोड मिळालं की पानं उजेडातून स्वतःचं अन्न करायला शिकतच नाहीत. त्यात बाटली बंद, हवा अपुरी. मातीत गेली की साखर तुटते आणि पानाला काही येत नसतं. म्हणून साखर कमी, उजेड जास्त, झाकणावरच्या चकतीतून गाळलेली हवा."

"मग लपवाछपवी कशाला?"

मॅडम चाचरली. "खरं सांगू? तुम्हाला कळलं तर दया येऊन गुपचूप मूठभर टाकाल, असं वाटलं."

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण तिने टाकलीच असती.

तरी विश्वास बसेना. बोलायला कुणीही बोलेल. तिने स्वतः वीस रोपं आपली आणि वीस मॅडमची मातीत लावायला निवडली, आपल्या रोपांना लाल दोरा, तिच्या रोपांना पांढरा. वहिनीला बजावलं, "दोन्हींना सारखंच पाणी. मॅडम फिरकली तर मला सांगा." वर रोज जेवणाच्या सुट्टीत स्वतः जाऊन माती चाचपायची. वहिनीवरही तिचा पुरता भरवसा नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात तिने मोजलं. पांढऱ्या दोऱ्याची सतरा उभी होती, नवी पानं उलगडत. लाल दोऱ्याची नऊ. तिने पुन्हा मोजलं, मग वहिनीकडून मोजून घेतलं. नऊच.

ती बराच वेळ शेडमधल्या पालथ्या बादलीवर बसून राहिली. आपण लाड केले की नुकसान, हे तिला ठरवता येईना. वहिनीने खांद्यावर हात ठेवला, तर मावशी म्हणाली, "काही बोलू नका."

शेवटी ती स्वतःच मालकांच्या खोलीत गेली आणि दोन्ही आकडे सांगून आली. मॅडमने साखरेचा चमचा परत तिच्या हातात दिला. मावशी आता दहा ग्रॅम तोलते. पण मॅडमच्या झाकणांवरच्या चकत्या नीट चिकटल्यात की नाही, हे रोज सकाळी बोटाने दाबून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.