धुळ्याच्या गाडीमागचं ऑफिस

खळीचा वास आला की मला गुजरातेतल्या डिंडोलीतली ती भिंत आठवते. नव्वदच्या दशकात महापालिकेचे नवे झोन पडले आणि आमच्या भागाचं ऑफिस हललं. लोक जुन्याच दारात खेटे घालत, लूमवरची पाळी बुडवत. मी कारकून, अक्षर वळणदार, म्हणून सूचना मीच लिहिली. मराठी-गुजराती दोन्हींत झोनचं नाव, प्लॉट नंबर, वेळ, सगळं लिहून गरम खळीनं पाच भिंतींवर चिकटवलं. कोणी वाचलं नाही. आमचा शिपाई मात्र सकाळी नळावरच्या बायांना एवढंच म्हणाला, “जठून धुळानी गाडी सुटस ना, तेना मांगेच नवं हापिस शे.” दुसऱ्या दिवशी नव्या ऑफिसात रांग! घरी मीही अहिराणीच बोलायचो, मग मला का सुचू नये? रांगेतली म्हातारी मला म्हणाली, “तू नही, तो पत्ता सांगणारा भाऊ कोठे शे?” “रजेवर आहे,” मी म्हणालो. तो मागच्या खोलीत फायली बांधत होता. संध्याकाळी माझ्याच सूचनेला टेकलेल्या एकानं मला ऑफिसचा पत्ता विचारला. मी शिपायाचं वाक्य त्याच्याच सुरात सांगितलं, आणि पुढे सगळ्यांना तेच सांगत राहिलो. परवा माझ्या निवृत्तीच्या समारंभात नव्या साहेबांनी ते वाक्य माझं म्हणून ऐकवलं. मी गळ्यातला हार नीट करत बसलो. सगळ्यात आधी टाळी त्याच शिपायानं वाजवली, आणि मला पुन्हा त्याचाच हेवा वाटला.